कच्च्या लिंबाची किंमत

वाड्याच्या चौकात किंवा चाळीच्या मैदानात मुलांचा डाव रंगात आला, की कुणाचे तरी शेंडेफळ 'मलाही घ्या' म्हणून रडत येते. मोठ्या मुलांची पंचाईत होते. घ्यावे तर डाव बिघडतो, न घ्यावे तर घरातून आईची हाक येते. आपल्या मुलांनी यावर फार पूर्वीच एक शहाणपणाची तोड काढून ठेवली आहे. त्या पोराला 'कच्चा लिंबू' करून खेळात घ्यायचे. तो पळतो, ओरडतो, मजा करतो. पण त्याच्यावर राज्य येत नाही. त्याने कुणाला शिवले तर ते धरायचे नाही आणि त्याला बादही करायचे नाही. मान थोडा कमी, पण जोखीमही कमी, असा तो चोख सौदा असतो.

हाच सौदा कोट्यवधी डॉलरांच्या खेळात करायचा झाला तर कसा करावा, या प्रश्नाने अमेरिकेतील धंदेवाईक फुटबॉलला कित्येक वर्षे सतावले. विद्यापीठाच्या मैदानावर ज्याने नाव काढले आहे, परंतु धंदेवाईक मैदानावर जो अजून एकही सामना खेळलेला नाही, अशा एकवीस-बावीस वर्षांच्या तरुणाला किती पैसे द्यावेत? बाजारात मिळतील तितके, की त्याला काही मर्यादा असावी? २०११ साली तेथे या प्रश्नाचा निकाल लागला आणि मर्यादा आली. पण निकाल लागला म्हणजे न्याय झाला असे नव्हे. शिवाय हा प्रश्न केवळ अमेरिकेचा किंवा केवळ चेंडूचा आहे असेही नाही. मुलाचा पहिला पगार वडिलांच्या शेवटच्या पगाराहून मोठा असल्याचे ज्या घरांनी पाहिले आहे, त्या घरांत तो निराळ्या शब्दांत विचारला जातच असतो.

भिडू वाटून घेण्याची रीत

प्रथम एक खुलासा करणे बरे. अमेरिकन माणूस ज्याला फुटबॉल म्हणतो, तो आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. त्या खेळातला चेंडू लांबट असतो, तो बहुतांशी हातांनी फेकतात आणि छातीशी धरून पळतात. आणि पळणाऱ्याला जमिनीवर आडवे करणे हाच समोरच्यांचा उद्योग असतो. डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्यांवर चिलखत घालून खेळण्याचा हा खेळ. कवायत, कुस्ती आणि बुद्धिबळ यांची भेसळ करावी तसे त्याचे रूप आहे. क्वार्टरबॅक हा त्यातला सेनापती. चेंडू कुणाकडे जावा हे तो ठरवितो. रनिंग बॅक हा चेंडू घेऊन गर्दीत घुसणारा गडी. मार खाण्यात त्याचा वाटा मोठा.

नॅशनल फुटबॉल लीग ही या खेळाची सर्वांत मोठी संघटना असून तीत आज ३२ संघ आहेत. दरवर्षी विद्यापीठांतून बाहेर पडणारे उत्तम खेळाडू हे संघ एका सभेत आपसांत वाटून घेतात. तिला ड्राफ्ट म्हणतात. आपल्याकडे दोन कप्तान समोरासमोर उभे राहून 'माझा भिडू हा, तुझा भिडू तो' करतात, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की गेल्या हंगामात जो संघ सर्वांत वाईट खेळला, त्याला पहिला भिडू निवडण्याचा मान मिळतो. अशा सात फेऱ्या होतात आणि सुमारे अडीचशे तरुणांची वाटणी होते. ज्याने ज्याला निवडले, त्याच्याशीच त्या तरुणाने करार करायचा. दुसरा संघ दुप्पट पैसे देतो म्हणून तिकडे जाता येत नाही.

ही कल्पना फिलाडेल्फिया ईगल्स या संघाचे मालक बर्ट बेल यांची. त्यांचा संघ सदा हरणारा. चांगले खेळाडू श्रीमंत संघांकडे जात आणि त्यांच्या वाट्याला उरलेसुरले येत. १९३५ साली त्यांनी ही सूचना मांडली आणि १९३६ साली पहिली निवड झाली. गंमत अशी, की त्या निवडीतला अगदी पहिला मानकरी, शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर, धंदेवाईक फुटबॉल कधी खेळलाच नाही. पैशांची बोलणी फिसकटली आणि तो रबराच्या धंद्यात शिरला. म्हणजे ज्या वर्षी ही रीत सुरू झाली, त्याच वर्षी नवख्याच्या पगाराचे भांडणही सुरू झाले असे म्हटले पाहिजे.

या रीतीतच दोन्ही बाजूंच्या वादाचे मूळ आहे. दुबळ्याला हात देण्याचा हेतू चांगला, यात शंका नाही. परंतु तो साधला जातो तो तरुणाचा निवडीचा हक्क काढून घेऊन. खरेदीदार एकच उरला म्हणजे मालाची किंमत कोण ठरविणार, हे बाजारात जाणाऱ्या कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. १९६० साली अमेरिकन फुटबॉल लीग ही प्रतिस्पर्धी संघटना निघाली आणि काही वर्षे खरेदीदार दोन झाले, तेव्हा काय घडले पाहा. १९६५ साली जो नेमथ या तरुण क्वार्टरबॅकने न्यूयॉर्क जेट्सशी ४ लाख २७ हजार डॉलरांचा करार केला. तोवर अशी रक्कम कुणी ऐकली नव्हती. ही चढाओढ परवडेना तेव्हा १९६६ साली दोन्ही संघटनांनी एकत्र येण्याचे ठरविले आणि १९६७पासून पुन्हा एकच सामायिक ड्राफ्ट सुरू झाला.

स्वस्ताईचे दिवस आणि महागाईचे दिवस

त्यानंतरच्याच वर्षीची गोष्ट. जेम्स 'याझू' स्मिथ या तरुणाला १९६८ साली वॉशिंग्टनच्या संघाने पहिल्या फेरीत निवडले. बक्षीस आणि पगार मिळून त्याला पहिल्या वर्षी ५० हजार डॉलर मिळाले. त्याच हंगामाच्या अखेरच्या सामन्यात त्याच्या मानेला जबर दुखापत झाली आणि खेळणे कायमचे संपले. पुढे तो न्यायालयात गेला. त्याचे म्हणणे साधे होते: मला चार संघांशी बोलता आले असते, तर माझ्या एका वर्षाची किंमत अधिक आली असती, आणि मला एकच वर्ष मिळायचे होते. १९७८ साली अपील न्यायालयाने मान्य केले, की त्या वेळी चालत असलेली ड्राफ्टची पद्धत व्यापारातील स्पर्धेच्या कायद्याला धरून नव्हती. पण तोवर खेळाडूंची संघटना आणि मालक यांच्यात सामुदायिक करार झाला होता आणि संघटनेच्या संमतीने ड्राफ्ट कायदेशीर ठरला होता. स्मिथचे म्हणणे खरे ठरले, पण रीत मोडली नाही.

पुढे काळ पालटला. दूरचित्रवाणीचा पैसा आला, एजंट आले आणि १९९४ साली प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर सारखी मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५ साली ती २७ कोटी ९२ लाखांवर गेली. ही मर्यादा नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढचा सारा हिशेब तीवर उभा आहे. एका घराचा महिन्याचा खर्च ठरलेला असला आणि त्यात एका मुलासाठी मोटारसायकल घेतली, की दुसऱ्याच्या शिकवणीला कात्री लागते. तसेच येथे झाले. नवख्यांच्या पगारासाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवण्याचा नियम होता. पण हुशार एजंटांनी बक्षिसे, हप्ते आणि अटी यांची अशी काही गुंफण केली, की तो नियम कागदावरच राहिला.

या महागाईचा कळस सांगायचा तर जामार्कस रसेल याचे नाव घ्यावे लागते. लुइझियाना राज्य विद्यापीठाचा हा धिप्पाड क्वार्टरबॅक २००७ साली ओकलंड रेडर्सने अगदी पहिला निवडला. पैशांवरून बोलणी इतकी लांबली, की हंगाम सुरू झाल्यावर त्याची सही झाली. करार सहा वर्षांचा आणि सुमारे ६ कोटी १० लाख डॉलरांचा. त्यांतले ३ कोटींहून अधिक हमीचे, म्हणजे खेळ बिघडला तरी मिळणारे. तीन हंगामांत त्याने २५ सामन्यांत आरंभापासून सेनापतिपद सांभाळले आणि त्यांतले केवळ ७ जिंकले. मे २०१० मध्ये संघाने त्याला नारळ दिला आणि त्यानंतर लीगमध्ये तो एकही सामना खेळला नाही.

सर्वच नवखे असे निघाले असे मात्र नव्हे. डेट्रॉइट लायन्सने २००८च्या हंगामातले सगळे, म्हणजे १६ सामने गमावले आणि त्या पराक्रमाबद्दल त्यांना पहिल्या निवडीचा मान मिळाला. त्यांनी मॅथ्यू स्टॅफर्डला घेतले, ७ कोटी २० लाखांचा करार केला आणि ४ कोटी १७ लाखांची हमी दिली. स्टॅफर्ड गुणी निघाला. पुढे दुसऱ्या संघातून, लॉस एंजेलिस रॅम्सकडून, त्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये सुपर बोलही जिंकला. २०१० साली सॅम ब्रॅडफर्डने तर सेंट लुइस रॅम्सकडून ७ कोटी ८० लाखांचा करार आणि त्यात ५ कोटींची हमी घेतली. तोही आळशी नव्हता. पहिल्याच वर्षी त्याने उत्तम नवख्याचा किताब मिळविला. पण २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याच्या गुडघ्याने दगा दिला.

यावरून एक गोष्ट निर्विवाद दिसते. नवखा चांगला निघो, वाईट निघो, की दुर्दैवी निघो. त्याला पैसे देताना हे कुणालाच माहीत नसते. ती सोडत असते. आणि सोडतीचे सर्वांत महाग तिकीट दरवर्षी सर्वांत दुबळ्या संघाच्या गळ्यात बांधले जात होते. दुबळ्याला हात द्यायला निघालेली रीत दुबळ्यालाच बुडवू लागली होती.

२०११चा तह

लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी २००८ सालीच हा प्रकार हास्यास्पद असल्याचे उघडपणे बोलून दाखविले होते. मालकांचे हे म्हणणे असणार, यात नवल नाही. नवल असे, की जुन्या खेळाडूंचेही मन तिकडेच झुकत होते. दहा वर्षे हाडे मोडून घेतलेल्या माणसाला, कालच्या पोराची हमी आपल्याहून मोठी असल्याचे पाहून काय वाटत असेल, हे कोणत्याही कचेरीतल्या जुन्या हेडक्लार्कला विचारावे.

बास्केटबॉलवाल्यांचा दाखलाही समोर होता. १९९४ साली ग्लेन रॉबिन्सन या नवख्याने मिलवॉकी बक्सशी दहा वर्षांचा ६ कोटी ८० लाख डॉलरांचा करार केला आणि दुसऱ्याच वर्षी, १९९५ साली, त्या खेळात नवख्यांची ठरावीक वेतनश्रेणी आली.

२०११च्या मार्चमध्ये फुटबॉलच्या मालकांनी टाळेबंदी केली. ती जुलैच्या अखेरीस उठली. नव्या करारात अनेक गोष्टी होत्या. १९९३पूर्वीच्या निवृत्त खेळाडूंच्या निवृत्तिवेतनात ६२ कोटी डॉलरांची भर घालण्याचे त्यात ठरले, हे त्यातले एक चांगले कलम. आपल्या विषयापुरते सांगायचे, तर नवख्यांसाठी वेतनश्रेणी आली. कितव्या क्रमांकावर निवड झाली यावर रक्कम ठरणार. करार चार वर्षांचा. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचव्या वर्षीही ठेवून घेण्याचा हक्क संघाला. आणि पहिले तीन हंगाम संपेपर्यंत रक्कम वाढवून मागता येणार नाही.

परिणाम एका वर्षात दिसला. २०१०च्या पहिल्या मानकऱ्याला ७ कोटी ८० लाख, तर २०११च्या पहिल्या मानकऱ्याला, म्हणजे कॅरोलिना पँथर्सच्या कॅम न्यूटनला, चार वर्षांचे मिळून सुमारे २ कोटी २० लाख. न्यूटन त्याच वर्षी उत्तम नवखा ठरला आणि २०१५च्या हंगामात साऱ्या लीगमधला सर्वोत्तम खेळाडूही ठरला. बारा महिने आधी जन्मला असता, तर पहिल्या सहीला कित्येक कोटी अधिक मिळाले असते!

येथवर माझे मत मालकांच्या बाजूचे आहे. ज्याची पारख झालेली नाही, त्याच्या किमतीला मर्यादा असावी. कॅम न्यूटनला २ कोटी २० लाख मिळाले म्हणून त्याच्यावर उपासमारीची पाळी आली असे कुणी म्हणणार नाही. एकूण खर्च बांधलेला असताना पारख न झालेल्याला अधिक देणे म्हणजे पारख झालेल्याच्या ताटातले काढून देणे होय. हा युक्तिवाद मला बिनतोड वाटतो. पण या करारातली खरी मेख रकमेत नाहीच. ती मुदतीत आहे.

मेख कोठे आहे

चार वर्षे म्हणजे काही फार नव्हेत, असे आपल्याला वाटेल. सरकारी नोकरीत चार वर्षांत माणूस कायमही होत नाही! परंतु या खेळातली वर्षे निराळ्या मापाने मोजावी लागतात. लीगमधल्या खेळाडूचे सरासरी आयुष्य सव्वातीन वर्षांच्या आसपास असते, असे खेळाडूंची संघटना सांगत आली आहे. लीगवाले हे मानत नाहीत. पहिल्याच वर्षी संघात पक्के स्थान मिळविणारा सुमारे सहा वर्षे टिकतो, असा त्यांचा हिशेब. मालकांचाच आकडा खरा धरला, तरी सहांतली चार वर्षे पहिल्या करारातच जातात. संघटनेचा आकडा खरा धरला, तर बहुतेकांच्या आयुष्यात दुसरा करार येतच नाही. नवखेपणाची किंमत घेता घेताच त्यांचा खेळ संपतो.

आता गुण सिद्ध झाल्यावर काय होते ते पाहू. रसेल विल्सन याला सिॲटल सीहॉक्सने २०१२ साली तिसऱ्या फेरीत, ७५व्या क्रमांकावर निवडले. उंची कमी म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली होती. दुसऱ्याच हंगामात, फेब्रुवारी २०१४ मध्ये, त्याच्या संघाने डेन्व्हर ब्रॉन्कोसचा ४३-८ असा धुव्वा उडवून सुपर बोल जिंकला. त्या हंगामातला त्याचा मूळ पगार सुमारे ५ लाख २६ हजार डॉलर होता. तो आता नवखा राहिला नव्हता, हे सारे जग पाहत होते. करार मात्र त्याला नवखाच समजत होता. २०१५ साली नवा करार झाला तेव्हा रक्कम ८ कोटी ७६ लाखांवर गेली.

ब्रॉक पर्डीची कथा याहून चमत्कारिक आहे. २०२२च्या ड्राफ्टमध्ये २६२ जणांत तो २६२वा, अगदी शेवटचा. शेवटच्या मानकऱ्याला तेथे थट्टेने 'मिस्टर इर्रेलेव्हंट', म्हणजे ज्याचा कशाशी संबंध नाही असा गृहस्थ, म्हणतात. या असंबद्ध गृहस्थाने सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनायनर्सला फेब्रुवारी २०२४ मध्ये सुपर बोलच्या अंतिम झुंजीपर्यंत नेले. त्या हंगामातला त्याचा पगार ८ लाख ७० हजार डॉलर. मे २०२५ मध्ये, नियमाने हात सुटताच, त्याच्याशी पाच वर्षांचा २६ कोटी ५० लाखांचा करार झाला.

विल्सन आणि पर्डी हे सेनापती; त्यांचे शरीर तुलनेने जपले जाते, म्हणून त्यांना वाट पाहणे परवडले. चेंडू घेऊन गर्दीत घुसणाऱ्या रनिंग बॅकचे तसे नाही. त्याची उमेदीची वर्षे पहिलीच असतात. टॉड गर्ली याला २०१८ साली रॅम्सने सुमारे ६ कोटींचा नवा करार दिला. मार्च २०२०मध्ये गुडघ्यांच्या कुरबुरींनी बेजार झालेल्या त्याच गर्लीला त्यांनी मोकळे केले. त्यानंतर अटलांटाकडून एक हंगाम खेळून वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्याचा खेळ आटोपला. तेव्हापासून मालक म्हणू लागले, की यांना दुसरा मोठा करार देणे म्हणजे उसाचा रस काढून झाल्यावर चिपाडाचे पैसे मोजणे. व्यवहार म्हणून ते बरोबर असेलही. पण रस निघाला तेव्हा तो नवख्याच्या भावाने घेतला होता, हे कोण सांगणार?

सॅक्वॉन बार्कलीचे उदाहरण पाहा. न्यूयॉर्क जायंट्सने २०१८ साली त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडले. चार वर्षांचा पहिला करार. मध्ये २०२० साली गुडघ्याची मोठी दुखापत. मग संघाने पाचव्या वर्षाचा हक्क वापरला. सहाव्या वर्षी 'फ्रँचाइझ टॅग' नावाचे आणखी एक दावे त्याच्या गळ्यात आले. या नियमाने संघ आपल्या एका खेळाडूला ठरीव पगारावर आणखी एक वर्ष अडकवून ठेवू शकतो. याच जाचाला कंटाळून पिट्सबर्गचा लेव्हिऑन बेल २०१८चा संपूर्ण हंगाम घरी बसला होता आणि त्याने सुमारे १ कोटी ४५ लाख डॉलरांवर पाणी सोडले होते. बार्कली घरी बसला नाही. तो खेळला आणि २०२४ साली, सत्ताविसाव्या वर्षी, प्रथमच स्वतःच्या मर्जीने संघ निवडू शकला. फिलाडेल्फियाला गेल्यावर त्या एका हंगामात तो २००५ यार्ड धावला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल जिंकणाऱ्या संघात होता. त्याच्या हिमतीचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण सहा वर्षे मार खाऊनही ज्याचे पाय शाबूत राहिले असा हा लाखांत एक. नियम लाखांत एकासाठी करायचे नसतात.

जो खोलीत नव्हता

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. २०११चा तह ज्या टेबलाभोवती झाला, त्याच्या एका बाजूला मालक होते आणि दुसऱ्या बाजूला खेळत असलेल्या खेळाडूंची संघटना. ज्यांचा पगार कमी व्हायचा होता, ती मुले त्या वेळी शाळा-कॉलेजांत होती. त्यांना मत नव्हते. दुसऱ्याच्या खिशातून दान करणे नेहमीच सोपे असते.

कायदा याला आडवा येत नाही. २००४ साली ओहायो राज्य विद्यापीठाच्या मॉरिस क्लॅरेट याने वयाच्या अटीविरुद्ध दावा लावला होता. अपील न्यायालयाने तो फेटाळला. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी तो निकाल लिहिला. संघटना आणि मालक यांच्यात कामाच्या अटींबद्दल जे ठरते, ते उद्या कामावर येणाऱ्यालाही बांधील असते, असा त्याचा मथितार्थ. कारखान्याच्या दृष्टीने हे रास्तच आहे. नव्या कामगाराने येऊन आपला वेगळा करार मागू नये. पण कारखान्यातला कामगार तीस वर्षे राहतो आणि एक दिवस जुन्यांच्या बाजूला जाऊन बसतो. फुटबॉलमधला नवखा जुना होण्याआधीच बाहेर पडतो.

आणि जुन्यांचे तरी भले झाले का? येथे नियतीने मोठी थट्टा केली. नवखे स्वस्त झाले म्हणजे वाचलेला पैसा आपल्याला मिळेल, असा जुन्यांचा हिशेब होता. तो अगदी वरच्या मोजक्या नामवंतांना मिळालाही. परंतु संघचालकांनी दुसराही हिशेब केला. नऊ वर्षे खेळलेल्या साधारण गुणाच्या खेळाडूला नियमाप्रमाणे किमान पगारच पुष्कळ द्यावा लागतो. त्याच्या जागी स्वस्तातला नवखा चालतो की! मग संघात वर चार-पाच कोट्यधीश, खाली स्वस्त पोरे, आणि मधले गडी घरी, अशी रचना होऊ लागली. नव्याची मजुरी पाडली, की जुन्याची नोकरी धोक्यात येते, हा गिरणगावाला ठाऊक असलेला जुना धडा या मंडळींना नव्याने शिकावा लागला. मध्यमवर्ग कोठेही असो, भरडला तोच जातो!

आपल्या दारातली गोष्ट

हे सर्व वाचून 'अमेरिकेतल्या कोट्यधीशांची आपल्याला काय चिंता' असे कुणी म्हणेल. पण आपल्या क्रिकेटनेही हा प्रयोग करून पाहिला आहे. इंडियन प्रीमियर लीगच्या पहिल्या काही वर्षांत राष्ट्रीय संघातून न खेळलेल्या भारतीय खेळाडूंना लिलावात जागाच नव्हती. त्यांचे मोबदले नियमाने बांधलेले असत. रवींद्र जडेजाने दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केली म्हणून २०१०च्या हंगामात त्याला खेळू दिले गेले नाही. २०१४पासून अशा खेळाडूंनाही लिलाव खुला झाला आणि त्याच वर्षी कर्ण शर्माला ३ कोटी ७५ लाख रुपये मिळाले. नोव्हेंबर २०२४च्या लिलावात तर वैभव सूर्यवंशी या तेरा वर्षांच्या मुलावर १ कोटी १० लाखांची बोली लागली आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याने ३५ चेंडूंत शतक ठोकून बोली लावणाऱ्यांची पारख खरी ठरविली. दर वेळी असे होईलच असे नाही. मर्यादा नसल्याचे धोके आपण यापुढे पाहणारच आहोत.

आणि क्रिकेटही राहू द्या. घरातला मुलगा किंवा मुलगी पहिल्या नोकरीला लागते, तेव्हा नेमणुकीच्या कागदावर पगाराचा आकडा आपण चष्मा लावून वाचतो. पण त्याच कागदाच्या तिसऱ्या पानावर 'दोन वर्षे नोकरी सोडता येणार नाही, सोडल्यास अमुक रक्कम भरावी लागेल' असे बाँडचे कलम असते, ते किती पालक वाचतात? पहिला पगार थोडा कमी असला तर बिघडत नाही. शिकाऊ माणसाने शिकाऊ पगार घ्यावा, ही आपली जुनी समजूत चुकीची नाही. प्रश्न एवढाच, की शिकून झाल्यावर त्याला मोकळे केव्हा करणार?

म्हणून मला जे सुचवावेसे वाटते ते असे. नवख्याच्या पगाराला मर्यादा जरूर असावी. पण ती मर्यादा त्याच्या नवखेपणापुरतीच असावी. दोन हंगामांत खेळाडूची पारख होते. तेवढ्यावर पहिला करार संपावा, निदान रकमेची बोलणी पुन्हा करण्याचा हक्क तरी मिळावा. सात वर्षे माणूस अडकून पडेल अशी कलमांवर कलमांची साखळी नसावी. आणि ज्याच्या कमाईवर आपण मर्यादा घालतो, त्याला दुखापतीपासून तेवढेच संरक्षण द्यावे. आज पहिल्या फेरीतल्यांना हमी भरपूर मिळते. पण पाचव्या-सहाव्या फेरीतल्या मुलाला करार चार वर्षे बांधून ठेवतो आणि तोच करार मोडून संघ त्याला कोणत्याही दिवशी घरी पाठवू शकतो. बांधिलकी एकाची आणि मोकळीक दुसऱ्याची, याला करार म्हणणे जड जाते.

काळ पुन्हा बदलतो आहे. २०२१पासून अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींचे पैसे घेण्याची मुभा मिळाली आणि २०२५पासून विद्यापीठेही त्यांना उत्पन्नातला वाटा थेट देऊ लागली. तेव्हा धंदेवाईक मैदानावर येणारा नवखा यापुढे अगदीच रिकाम्या हाताने येणार नाही. वाटाघाटींच्या पुढच्या फेरीत तरी त्याच्या वतीने बोलणारे कुणी त्या खोलीत असावे.

आपल्या चौकातल्या मुलांना यातले काही कुणी शिकविले नव्हते. तरी त्यांनी कच्च्या लिंबाचा नियम करताना दोन्ही बाजू पाहिल्या: त्याचे गुण धरायचे नाहीत, तर त्याला बादही करायचे नाही. आणि पुढच्या वर्षी तो चार बोटे उंच झाला, पळू लागला, की कुणी न सांगता तो पक्का भिडू होतो. 'तुझी चार वर्षे व्हायची आहेत' असे त्याला कुणी म्हणत नाही.